घोडा रंगवलेला नाही दादा, कातडीच काळी असते

नमस्कार दादा, तुमचा रिव्ह्यू काल रात्री मुलाने वाचून दाखवला. एक स्टार, आणि खाली लिहिलंय "अरबी म्हणून दिलेला पांढरा घोडा धुतला तर काळा निघाला, रंग मारून विकतात, सावध राहा". गाडी एक दिवस उशिरा पोचली आणि ग्लँडर्सच्या (घोड्यांचा संसर्गजन्य रोग) टेस्टचा कागद तुम्हाला दोनदा मागावा लागला, त्याबद्दल सॉरी, ती चूक आमचीच. कागद यापुढे गाडी निघायच्या आधीच व्हॉट्सॲपवर पाठवायचे असं मुलाला सांगितलंय.

पण रंगाचं तेवढं ऐकून घ्या, रात्रभर तेच डोक्यात होतं.

अहो पांढऱ्या घोड्यात दोन प्रकार. नुकरा असतो तो जन्मापासून पांढरा, कातडी गुलाबी, नाकपुडीपाशी बघितलं तरी गुलाबीच, वरातीत लोकांना तोच बघायची सवय. आणि अरबी रक्ताचा जो पांढरा होतो ना तो जन्मताना काळा नाहीतर तांबडा असतो, दरवर्षी जुने केस झडून नवे येतात ते आणखी पांढरे, असं करत सहा-आठ वर्षांत सगळा पांढरा होतो पण खालची कातडी शेवटपर्यंत काळीच. म्हणून कोरडा असला की दुधासारखा दिसतो आणि पाणी मारलं की केस अंगाला चिकटतात नि निळसर राखाडी दिसायला लागतो. तुमच्या फोटोत तेच आहे. रंग मारला असता तर बादलीत पांढरं पाणी उतरलं असतं ना? तुम्हीच लिहिलंय काळपट पाणी आलं. ती धूळ आहे, दोनशे किलोमीटर टेम्पोत उभा होता तो.

सौद्याच्या दिवशी तुम्ही स्वतः त्याचं तोंड उघडून दात बघितले, अंगावरचे केसांचे भोवरे मोजले, देवमण म्हणजे तो शुभ मानतात तो भोवरा आहे का विचारलं, अर्धा तास त्यातच गेला. काळी कुळकुळीत नाकपुडी तेव्हा समोरच होती. विचारलं असतं तर तेव्हाच फोटो दाखवला असता, आमच्याच तबेल्यात जन्मलाय, घोडीच्या पोटाला चिकटून उभं काळंभोर शिंगरू. मुलाला सांगून इथे टाकायला लावतो.

आता अरबीचं. बाप अरबी, आई काठेवाडी, म्हणूनच कान टोकाला आत वळतात, हे तोंडी सांगितलं होतं. शुद्ध अरबी म्हणजे आईबाप दोघांची नोंदणी लागते, तसला घोडा अडीच लाखात मला तरी परवडत नाही. बोर्डावर नुसतं 'अरबी घोडे' लिहिलंय हे मात्र खरं. वडिलांच्या काळापासून तसंच आहे, पूर्वी बसऱ्याहून जहाजाने मुंबईला घोडे उतरायचे आणि आमच्या धंद्यात बारीक तोंडाचा, शेपूट वर धरणारा कुठलाही घोडा अरबीच म्हणवला जातो. बोर्डाचं बघतो काय करता येतं ते.

पोटदुखीचं बोलणार नव्हतो, पण "आजारी माल" लिहिलंत म्हणून सांगतो. पहिले आठ दिवस जुनाच रतीब म्हणजे रोजचा खुराक द्या, हळूहळू बदला असं कागदावर लिहून दिलं होतं. तुम्ही पहिल्याच संध्याकाळी कौतुकाने घमेलंभर हरभरा आणि गूळ ठेवला. घोड्याला उलटी होत नाही हो, गेलं ते पोटातच फुगतं. रात्री पावणेबाराला तुमचा फोन आला, डॉक्टर येईपर्यंत मी फोनवर होतो, चालवत राहा, लोळू देऊ नका सांगत होतो. ते रिव्ह्यूत कुठे दिसलं नाही.

दत्त जयंतीला सारंगखेड्याची यात्रा आहे, आमची वर्षाची निम्मी कमाई तापीकाठच्या त्या दिवसांत होते. आज सकाळी एकाने तुमचं वाचून इसार परत मागितला. दिला मी, वाद घातला नाही.

तुम्हाला घोडा नकोच असेल तर घेऊन या, गाडीभाडं सोडून बाकी पैसे देतो. एक स्टार पण राहू द्या, उशीर झाला होता. फक्त "रंग मारून विकतात" एवढं काढा. आणि थंडीत सकाळी सकाळी त्याला पाणी मारू नका, कोरड्या अंगावर खरारा केला तरी पुरतं.