आठ रुपयांत कायदा आणि सुव्यवस्था

समजा, साल 1902 आहे आणि लॉर्ड कर्झनसाहेबांनी हिंदुस्थानचं पोलीस खातं तुमच्या हवाली केलं आहे. घाबरू नका. जमाखर्च जमला की खातं जमलं.

सुरुवात शिपायापासून करा. त्याला महिन्याला सहा-सात रुपये पुष्कळ झाले. एवढ्यात कुटुंब कसं भागणार, असं विचारणारे निघतीलच. त्यांना सांगा, भागत नाही हे आम्हालाही ठाऊक आहे, म्हणून तर अंगावर सरकारी डगला चढवला आहे. उरलेला पगार रयत देते. तिजोरीवर बोजा नाही, वर शिपाई लाचखाऊ निघाला तर तो नेटिवांच्या चारित्र्याचा दोष, तुमच्या अंदाजपत्रकाचा नव्हे.

हवालदार तपासाला गावात गेला की भत्त्याची काळजी करू नका. तो चावडीत उतरेल. पाटलाकडून खाट येईल, तट्टाला कडबा येईल, कुणाची तरी कोंबडी नाहीशी होईल. या कोंबडीची फिर्याद आजवर कोणी नोंदवलेली नाही. चोरी झालेल्या घराला चोर एकदाच लुटतो, तपास दोन-तीन दिवस मुक्कामाला असतो. त्यामुळे शहाणा माणूस पुढच्या वेळी चोरीची वर्दीच देत नाही. मग त्या गावात गुन्हे कमी झाले, असं तुम्हाला वार्षिक अहवालात लिहिता येतं.

आकड्यांचं तंत्र जरा नीट समजून घ्या, कारण बढती त्यावर आहे. समजा, चोरांनी मागची भिंत फोडून घरात शिरून गोठ-पाटल्या नेल्या. नवखा अंमलदार ‘घरफोडी’ लिहितो आणि जन्मभर तिचा तपास करत बसतो. मुरलेला अंमलदार खिंडारात कंदील धरतो, बराच वेळ बघतो आणि लिहितो: भिंत घुशींनी पोखरलेली, दागिने गहाळ, फिर्यादीचा कोणावर वहीम नाही. झाला निकाल! घुशीला वकील मिळत नाही.

कबुलीजबाबाच्या नादी मात्र फार लागू नका. सरकारने 1872 च्या पुराव्याच्या कायद्यात लिहून ठेवलं आहे की पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करता येणार नाही. आपल्याच खात्यावर एवढा अविश्वास दाखवायला मोठं मन लागतं. अविश्वास कायद्यात घातल्यावर सुधारणा करायचं कारणही उरत नाही.

आता वरच्या जागा. 1893 पासून त्या लंडनच्या परीक्षेतून भरल्या जातात आणि परीक्षेला बसायला गोरी कातडी लागते. उमेदवाराला मराठी येत नसलं तरी बिघडत नाही, शिरस्तेदाराला येतं. एवढं करूनही ओरड झालीच तर आयोग नेमा. अँड्र्यू फ्रेझर यांना अध्यक्ष करा आणि दरभंग्याच्या महाराजांना सभासद, म्हणजे ‘देशी लोकांचं मत घेतलं’ असं म्हणता येतं. महाराज मात्र ऐनवेळी घोटाळा करतात. परीक्षा विलायतेत आणि इथे एकाच वेळी घ्या, रंग आणि राष्ट्र बघू नका, असं ते म्हणून बसतात. त्यांचं म्हणणं आदराने छापा आणि बाजूला ठेवा. देशी माणसासाठी ‘डेप्युटी सुपरिंटेंडेंट’ नावाचं नवं पद काढा. खुर्ची साहेबांच्या शेजारी, रांग मात्र वेगळी.

आयोग थोडं खरंही बोलतो. खातं अकार्यक्षम आहे, शिक्षण धड नाही, देखरेख अपुरी आहे, लोक त्याला लाचखाऊ आणि जुलमी समजतात, असं त्याने लिहून दिलं. अहवाल 1903 मध्ये हातात आला, 1905 मध्ये लोकांसमोर ठेवला. मधली दोन वर्षं अहवाल मुरत ठेवायची असतात. शिपायाला निदान आठ रुपये द्या, ही शिफारस उदार मनाने मान्य करा. उपाशी ठेवण्याचा दर ठरवून दिला की त्याला सुधारणा म्हणतात. शिक्षणासाठी 1906 मध्ये पुण्याला भांबुर्ड्यात शाळा काढा, 1909 मध्ये ती नाशिकला हलवा. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याच नाशकात कलेक्टर जॅक्सनवर भर नाट्यगृहात गोळ्या झाडल्या गेल्या, तो दोष काही शाळेचा नव्हे.

माणसं कमी पडत असतील तर 1911 चा गुन्हेगार जमातींचा कायदा आहेच. गुन्हेगार शोधायला अक्कल आणि शिपाई दोन्ही लागतात. त्यापेक्षा अख्खी जमात कागदावर गुन्हेगार ठरवा. अंगठे घ्या, हजेरी लावा, परवानगीशिवाय गाव सोडला तर आत टाका. पाळण्यातलं पोरही मोठं झालं की आपोआप वहीत येतं. अशी दूरदृष्टी चोरांकडेही नसते.

मात्र एका बाबतीत हात आखडता घेऊ नका: सीआयडी. आयोगाच्या शिफारशींतली ही एक बघा कशी फुलली. दरोडेखोर दिसले नाहीत तरी चालेल, गणपतीच्या मेळ्यातलं पद कोणी म्हटलं हे दिसलं पाहिजे. घरफोडीचा पंचनामा धड लिहायला माणूस मिळत नाही, पण 1916 साली बेळगाव आणि अहमदनगरला टिळक बोलायला उभे राहिले तेव्हा लघुलेखन येणारा पोलीस वही-पेन्सिल घेऊन हजर होता. त्याने मराठी भाषणं मन लावून उतरवून घेतली. त्यावर खटला झाला, पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने टिळकांकडून वीस हजारांचा जातमुचलका मागितला, आणि मुंबई हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला. टिळकांची स्वराज्यावरची भाषणं सरकारी खर्चाने उतरवली गेली, तपासली गेली आणि कोर्टात वाचली गेली, हे एवढंच काम खात्याने त्या साली चोख केलं.