पेलाभर पाण्यात बियाण्याची परीक्षा होत नाही

खेड, जुन्नर, शिरूर भागातील भाजीपाला उत्पादकांच्या व्हॉट्सॲप गटांवर हंगामाच्या तोंडाशी एक संदेश हमखास फिरतो. बी पाण्यात टाका, तरंगेल ते फेका. बुडालेल्यांतील वीस बिया ओल्या फडक्यात ठेवा. त्या उगवल्या की ते बियाणे वर्षभर कोणत्याही हंगामात निर्धास्त पेरा, असे त्यात म्हटलेले असते. पेरणीपूर्वी उगवण तपासावी, एवढाच त्यातील भाग मान्य करण्यासारखा आहे.

तरंगण्याची कसोटी भाताची आहे. मिठाच्या ३ टक्के द्रावणात पोचट दाणे वर येतात आणि मावळ-मुळशीच्या भातपट्ट्यात ही पद्धत योग्यच ठरते. टोमॅटोच्या लवदार बियांना मात्र हवेचे बुडबुडे चिकटत असल्यामुळे चांगले बीही तरंगते, तर पत्र्याच्या शेडमध्ये दोन उन्हाळे काढून मेलेले कांद्याचे बी खुशाल तळाशी जाते.

वीस बियांचे गणितही फसवे आहे. प्रमाणित बियाण्याची किमान उगवण कांद्यासाठी ७०, भेंडीसाठी ६५ आणि मिरचीसाठी ६० टक्के ठरलेली आहे व ती तपासताना प्रयोगशाळा ४०० बिया घेते. खरी उगवण ७० टक्के असलेल्या पिशवीतील वीस बियांपैकी एकदा ११, तर दुसऱ्यांदा १७ उगवू शकतात. म्हणजे तीच पिशवी आज नापास आणि उद्या उत्तम ठरते. शिवाय मिरचीची चाचणी २० ते ३० अंश तापमानात होते आणि अंतिम मोजणी चौदाव्या दिवशी. जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांकडे झुकलेला असताना ओसरीवर ठेवलेले बी आठवड्यात हलले नाही, म्हणून दुकानदाराला बोगस ठरवणे अन्यायाचे आहे.

‘वर्षभर’ हा शब्द तर सर्वांत महागात पडतो. कांद्याचे बी अल्पायुषी असते; साध्या पिशवीत त्याचा ओलावा ८ टक्क्यांपेक्षा आणि हवाबंद वेष्टनात ६ टक्क्यांपेक्षा अधिक चालत नाही. मे महिन्यात उत्तम उगवलेले बी फोडलेल्या पिशवीतून पावसाळ्याची दमट हवा शोषून घेते आणि रब्बीच्या रोपवाटिकेपर्यंत त्याची उगवण घसरते. लेबलवरील चाचणीलाही मुदत, साधारण ९ महिन्यांची, असते ती याचसाठी.

राहिला हंगाम. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाचा भीमा सुपर हा कांद्याचा वाण खरिपासाठी आणि भीमा किरण हा रब्बीसाठी शिफारस केलेला आहे. फडक्यात दोन्ही सारखेच उगवतील. परंतु रब्बीच्या वाणाला कांदा पोसण्यासाठी वाढत जाणारा दिवस लागतो, आणि खरिपात तो आखडत जात असल्यामुळे पात माजते, मान जाड राहते व गाठ भरत नाही. फुलकोबीत लवकर येणाऱ्या गटाचे बी उशिरा, थंडीत लावले, तर रोप लहान असतानाच बटणाएवढा गड्डा धरतो. हा दोष उगवणीच्या चाचणीत दिसणे शक्यच नाही. त्यासाठी तो वाण ज्या हंगामात घ्यायचा त्याच हंगामात, आपल्याच रानात एखाद्या वाफ्यात आधी लावून पाहावा लागतो, आणि उगवणीची चाचणी मात्र दर पेरणीपूर्वी, किमान १०० बिया घेऊन, नव्याने करावी लागते.