खुलासा : कार्बन फायबरची ओठपट्टी ‘न तुटणारी’ नसते

‘पुढचा स्पॉयलर घ्यायचा तर कार्बन फायबरचाच घ्या, स्पीडब्रेकरला घासला तरी तुटत नाही’ असा मेसेज सध्या फिरतोय. पुढचा स्पॉयलर म्हणजे गाडीच्या पुढच्या बंपरखाली लावायची ओठासारखी पट्टी. निम्मा खरा आहे, पण नेमका महत्त्वाचा निम्मा चुकीचा.

कार्बन फायबर हलकं आणि ताठ असतं, वाद नाही. पण ताठ म्हणजे चिवट नव्हे. धक्का बसला की ते वाकत नाही, तडकतं. फॉर्म्युला वनच्या शर्यतीत गाड्या जरा भिडल्या की पुढच्या पंखाचे तुकडे ट्रॅकभर उडतात, ते कार्बनचेच. बाजारात नुसतं ‘फायबर’ म्हणून मिळणारं ग्लासफायबरही तसंच. दुरुस्त होतं, पण आधी फुटतं.

घासणाऱ्या भागाला लवचीकपणा हवा. कंपनीचे बंपर बहुधा रबर मिसळलेल्या पॉलिप्रॉपिलिन या प्लास्टिकचे असतात, ते उगाच नाही. पॉलियुरेथेनही दबून पुन्हा आकारात येतं. एबीएस हे प्लास्टिक या दोन टोकांच्या मधलं : रंग छान धरतं, पण कडाक्याच्या थंडीत ठिसूळ होतं आणि रंग न दिल्यास उन्हात खराब होतं. पॉलिप्रॉपिलिनवर मात्र खास प्रायमरशिवाय रंग टिकत नाही, पापुद्रे सुटतात.

वजनाचं म्हणाल तर एवढ्याशा पट्टीत वाचून किती वाचणार! शिवाय स्वस्तात मिळणारं ‘कार्बन’ पुष्कळदा एबीएसवर छापलेली नक्षीच असते. गंमत म्हणजे, स्पीडब्रेकरवर तीच जास्त टिकेल.