१२१ मॅच हरायच्या आणि वर आमच्याच खिशात हात घालायचा?

हरण्याचं मला कोणी शिकवू नका. शिकागोच्या व्हाइट सॉक्स या बेसबॉल टीमच्या नादी लागलेल्या माणसाला हरणं पचवावंच लागतं. पण २०२४ च्या सीझनला जे केलं ना यांनी, ते पचायचं कसं? १६२ पैकी १२१ मॅच हरले. जिंकले किती? ४१! १९०० नंतर मेजर लीगमध्ये, म्हणजे इथल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल लीगमध्ये, एका सीझनला इतक्या मॅच कोणीही हरलेलं नव्हतं. १९६२ साली न्यूयॉर्क मेट्स १२० हरले होते, पण ती टीम त्याच वर्षी जन्माला आली होती हो. दुसऱ्यांनी नको म्हणून सोडलेले खेळाडू गोळा करून उभी केलेली. आमची टीम १९०१ पासून या लीगमध्ये खेळतेय, २००५ ला वर्ल्ड सीरिज, म्हणजे लीगची अंतिम लढत, जिंकलेली आहे, आणि तरी त्या नवजात पोरांचा विक्रम मोडून दाखवला. शाब्बास.

तिकडे बसून आयपीएल बघणाऱ्यांना यातलं दुखणं कळायचं नाही. तिथे साखळीत एका टीमच्या १४ मॅच. इथे मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत जवळजवळ रोज. म्हणजे रोज संध्याकाळी पानं वाढून होतायत तोवर आपण चार रनांनी मागे. पहिल्या २५ मॅचमध्ये ३ विजय. मे-जूनमध्ये ओळीने १४ हरले, तेव्हा वाटलं आता याहून खाली काय जाणार? गेले की! जुलै-ऑगस्टमध्ये ओळीने २१ हरले. अमेरिकन लीगच्या, म्हणजे मेजर लीगच्या आमच्या अर्ध्या भागाच्या, विक्रमाशी बरोबरी केली आणि मग कुठे ६ ऑगस्टला ओकलंडमध्ये एकदाचे जिंकले. तेही कोणाविरुद्ध, तर ज्यांचा मालक टीम उचलून लास वेगासला न्यायच्या तयारीत होता त्यांच्याविरुद्ध. दोन अनाथांची मारामारी नुसती.

आता गंमत बघा. त्या २१ पराभवांच्या काळात मॅनेजर, म्हणजे टीमचा कोच, पेद्रो ग्रिफोल जागेवर शाबूत. विजय मिळाला आणि दोन दिवसांत त्याला घरी पाठवला. हरताना ठेवायचा, जिंकल्यावर काढायचा! माणूस काढायलाच हवा होता, त्यात वाद नाही, पण ही कुठली वेळ?

आणि त्या बिचाऱ्याला शिव्या देऊन तरी काय होणार. मुळाशी आहेत मालक जेरी राइन्सडॉर्फ. १९८१ पासून टीम यांच्या हातात. ऑगस्ट २०२३ मध्ये यांनी वरचे दोन्ही अधिकारी काढले, ठीक केलं. आता बाहेरून कोणीतरी शहाणा आणतील असं वाटलं, तर नाही. घरातल्याच ख्रिस गेट्झला बसवलं. बाहेर शोधायला वेळ जाईल, चाहत्यांसाठी लवकरात लवकर सुधारणा करायचीय म्हणे. त्या वर्षी १०१ हरलो होतो, पुढच्या वर्षी १२१. वेग आला खरा.

बरं, ही पहिलीच वेळ असती तर गप्प बसलो असतो. २०१६ मध्ये ख्रिस सेलसारखा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, बोस्टनला देऊन टाकला. पोरं घडवतोय, धीर धरा, असं सांगितलं. धरला. २०२१ मध्ये ९३ मॅच जिंकून डिव्हिजनही, म्हणजे आपला गटही, जिंकलं, आणि प्लेऑफमध्ये ह्यूस्टनने पहिल्याच फेरीत घरी धाडलं. खेळ खलास. एवढी वर्षं वाट बघून मिळालं ते एवढंच. आणि तो सेल? २०२४ मध्ये, म्हणजे आमची लक्तरं निघत होती त्याच वर्षी, अटलांटाकडून साय यंग अवॉर्ड, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा मान, घेऊन गेला. त्याच्या बदल्यात आलेला मायकल कोपेक जुलैत डॉजर्सना दिला, तो तीन महिन्यांत वर्ल्ड सीरिज जिंकला. मग डिसेंबरात हातातला एकमेव बघण्यासारखा पिचर, गॅरेट क्रोशे, तोही दिला. कोणाला? बोस्टनला. परत बोस्टनलाच! आता परत पोरं घडवतोय, परत धीर धरा.

शिकागो हे अमेरिकेतलं तिसरं मोठं शहर आहे, गल्लीतलं क्रीडा मंडळ नाही. तरी या टीमच्या इतिहासातला सगळ्यात मोठा करार केवढ्याचा, तर अँड्र्यू बेनिनटेंडीचा, पाच वर्षांचे साडेसात कोटी डॉलर. इतर टीम याच्या कितीतरी पट मोजतात. यांना खेळाडूंवर खर्च करायचा म्हटलं की पोटात दुखतं.

पण स्टेडियम मात्र नवीन पाहिजे. हो, त्याच २०२४ मध्ये. डाउनटाउनच्या दक्षिणेला नदीकाठची जागा हेरली आणि सरकारी तिजोरीतून सुमारे एक अब्ज डॉलर मागायला निघाले. म्हणजे टीम बुडवणार तुम्ही आणि भरणार आम्ही करदाते. हा खेळ यांनी आधीही केलाय. १९८८ मध्ये फ्लोरिडाला जातो म्हणून धमकी दिली, तेव्हा मुदत संपू नये म्हणून मध्यरात्री विधिमंडळातलं घड्याळ थांबवून स्टेडियमचं विधेयक पास केलं होतं. आमच्यासाठी कधी कोणी घड्याळ थांबवलंय का?

त्या सीझनला मैदानात सगळ्यात जास्त कौतुक कशाचं झालं असेल तर तिथे मिळणाऱ्या मिल्कशेकचं. चेष्टा करत नाहीये. एका बेसबॉल टीमचा सगळ्यात यशस्वी पदार्पणकर्ता म्हणजे मिल्कशेक.

शेवटच्या आठवड्यात तर कळसच. १२० पराभव होऊन एंजल्सविरुद्ध घरच्या तीन मॅच होत्या. लोक तिकीट काढून विक्रम ‘याचि देही’ बघायला आले, "टीम विका" म्हणून ओरडले. तर हे तिन्ही मॅच जिंकले! वर्षभर जिंकायला बोलावलं तेव्हा आले नाहीत, आणि हरताना बघायला गेलो तर तिथेही नन्नाचा पाढा. मग डेट्रॉइटला जाऊन १२१ वी हरले, आणि त्या विजयाने टायगर्स प्लेऑफमध्ये. आमचा नाक कापण्याचा सोहळा आणि समोरच्यांची दिवाळी.

निदान इतकं हरल्यावर ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडायच्या रांगेत, पहिला नंबर तरी मिळेल? कुठलं. मोठ्या शहरांतल्या टीमला लागोपाठ दोन वर्षं ही रांग ठरवणाऱ्या लॉटरीत वरचा नंबर मिळत नाही असा नियम, त्यामुळे १९०० नंतरच्या सगळ्यात हरलेल्या टीमला दहावा नंबर. हरण्यातसुद्धा फायदा करून घेता येत नाही यांना!

इथल्या मराठी मंडळींचा सल्ला ठरलेला: "अरे, सोड ना, कब्सकडे ये." म्हणजे शिकागोच्याच दुसऱ्या टीमकडे. नाही येणार. सून सासरी छळ होतो म्हणून शेजारच्या घरात नांदायला जाते का? तुमचं ते उत्तरेकडचं वेलींनी सजलेलं मैदान तुम्हाला लखलाभ.

आता तर पोप लिओही आमच्यातलेच निघाले, २००५ च्या वर्ल्ड सीरिजची पहिली मॅच मैदानात बसून बघितलेले. म्हटलं, चला, वरपर्यंत वशिला लागला. तरी २०२५ मध्ये १०२ हरलो. आणि टीव्हीवरचे शहाणे सांगतायत की बघा, २०२४ पेक्षा १९ मॅच जास्त जिंकल्या, सुधारणा आहे. सुधारणा म्हणे! १०२!