खिडकीवर 1.618 चं सर्पिल नको, 137.5 अंशांचा कोन घ्या

‘निसर्गात सगळं 1.618 या सुवर्ण गुणोत्तरात वाढतं: शंख, पाकळ्या, सूर्यफूल. शाळेच्या खिडक्यांवर तेच सर्पिल रंगवा.’ ठाण्यातल्या पालकांच्या गटांत हा संदेश फिरतोय. रंगवण्याआधी एकेक दावा तपासू.

शंख. संदेशातलं चित्र नॉटिलस या समुद्री प्राण्याच्या शंखाच्या छेदाचं आहे. सुवर्ण सर्पिल एका वेढ्यात केंद्रापासून सुमारे 6.85 पट दूर जातं, नॉटिलस साधारण 3 पट. दोन्ही आकृत्या एकमेकींवर बसतच नाहीत.

पाकळ्या. जास्वंद, सदाफुली यांच्या 5, म्हणजे फिबोनाची संख्या (1, 2, 3, 5, 8, 13 अशा, प्रत्येक आधीच्या दोघींची बेरीज; शेजारच्या दोघींचं गुणोत्तर 1.618 कडे जातं), कबूल. पण कुंपणाच्या एक्झोराला 4 आणि मोहरीलाही 4. मुलं मोजणारच, आणि मोजावंच त्यांनी.

सूर्यफुलाचं खरं आहे, पण तिथे हे गुणोत्तर लांबी-रुंदीत नसून कोनात असतं. फुलाच्या मध्यातली प्रत्येक नवी छोटी कळी आधीच्या कळीपासून सुमारे 137.5 अंश वळून येते; 360 अंश सुवर्ण गुणोत्तरात विभागले की लहान भाग इतकाच येतो. खिडकीवर हेच काढावं.

60 सेंमी रुंद काचेला 200 ठिपके पुरतात. मोठ्या कागदावर एका केंद्रातून दर 2.5 अंशांवर एक अशा 144 रेषा आखा. दर ठिपक्याला 55 रेषा पुढे जा, की 137.5 अंश नेमके भरतात. केंद्रापासूनचं अंतर म्हणजे ठिपक्याच्या क्रमांकाचं वर्गमूळ गुणिले 1.8 सेंमी: 25वा ठिपका 9 सेंमीवर, 100वा 18 सेंमीवर. रेषा न आखता दर वेळी आधीच्या ठिपक्यावरून कोनमापक लावू नका. एकाच बाजूची अर्ध्या अंशाची चूक शेवटी 100 अंशांवर जाते. सोपा म्हणून 135 अंशांचा कोन घेतला तर सूर्यफुलाऐवजी 8 सरळ आरे उमटतात. ठिपके 2.5 सेंमी व्यासाचे ठेवा, 3 सेंमीचे मध्याजवळ एकमेकांवर चढतात. सगळं जमलं की कडेला एका दिशेने 34 आणि दुसऱ्या दिशेने 21 वक्र रांगा मोजता येतात.

‘काचेवर कुठलाही रंग चालतो’ हेही त्याच संदेशात आहे. पोस्टर कलर आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात ओघळतो. रेडियमवाल्याकडून पारभासी ठिपके कापून घ्या, आखलेला कागद काचेला बाहेरून लावा आणि ठिपके आतून चिकटवा. पूर्ण फूल सरकत्या खिडकीच्या एकाच पल्ल्यावर बसवा. दोन पल्ल्यांवर विभागलं तर खिडकी उघडताच ते मोडतं. पश्चिमेच्या खिडकीला काळे किंवा गडद ठिपके नकोत: दुपारच्या उन्हात काच कुठे जास्त, कुठे कमी तापते आणि साधी काच त्या ताणाने तडकू शकते.