गोव्यात तार आली, आता लूप लाइनचं बोला

पेडणे ते काणकोण लोकल सुरू करा, ही मागणी गोव्यात अधूनमधून जोर धरते. आणि तिच्यामागे एक गृहीत असतं की कोकण रेल्वेचं विद्युतीकरण झालं, म्हणजे आता दर अर्ध्या तासाला गाडी धावायला हरकत नाही. मागणी शंभर टक्के रास्त आहे. गृहीत मात्र चुकीचं आहे, आणि त्यामुळे आपण चुकीच्या दारावर टकटक करत बसतो. खरी अडचण एकेरी रुळाची आहे, आणि तिच्यावर हाताशी असलेला उपाय म्हणजे लूप : समोरून किंवा मागून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला स्टेशनात टाकलेला बाजूचा रूळ.

रोहा ते ठोकूर हा ७४१ किमीचा अख्खा मार्ग मार्च २०२२ मध्ये विजेखाली आला आणि २० जून २०२२ रोजी त्याचं लोकार्पण झालं. खर्च १,२८७ कोटी. मार्ग मुळातच उत्तम बांधलेला आहे. चढ १५० ला १ पेक्षा कडक नाही, वळणाची त्रिज्या १,२५० मीटरच्या खाली जात नाही. शेजारच्या कुळे-कॅसलरॉक घाटात ३७ ला १ चा चढ आहे आणि तिथे मागून जोडइंजिनं लावावी लागतात. त्यामानाने पेडण्यापासून काणकोणपर्यंतची लाइन म्हणजे मेमूसाठी (विजेवर धावणाऱ्या कमी पल्ल्याच्या पॅसेंजर गाडीसाठी) हवी तशी.

मग विजेने नक्की काय मिळालं? बोगद्यातला धूर गेला. बार्शेचा बोगदा ३.३ किमीचा आहे. डिझेल इंजिन त्यातून गेलं की आत काम करणाऱ्या गँगमनचे काय हाल होत, ते त्यांनाच विचारा. इंधनाचा खर्च कमी झाला. थ्री-फेज मेमू ब्रेक लावताना थोडी वीज परत तारेत सोडते. हे सगळं मोलाचं. पण प्रवाशाचा वेळ किती वाचला?

साधा हिशेब करू. डिझेल इंजिनाची पॅसेंजर गाडी सुटताना दर सेकंदाला ०.२ मीटरने वेग घेते असं धरा, आणि मेमू त्याच्या दुप्पट. ताशी ८० किमीचा वेग यायला पहिलीला १११ सेकंद लागतात, दुसरीला ५६. त्यातला खरा तोटा अर्धा, कारण त्या वेळात गाडी उभी नसते, पुढे सरकतच असते. म्हणजे एका थांब्यामागे मेमू वाचवते सुमारे २८ सेकंद. पेडणे, थिवी, करमळी, वेर्णा, माजोर्डा, मडगाव, बाळ्ळी, काणकोण असे मोठे थांबे धरले तर गाडी सात वेळा सुटते. सगळं मिळून सव्वातीन मिनिटं.

आणि एका क्रॉसिंगला गाडी साइडला टाकली की पंधरा मिनिटं सहज जातात. तीही एकदाच टाकली तर!

कोकण रेल्वेवर दुहेरी मार्ग आहे तो रोहा ते वीर, सुमारे ४७ किमी. तो ऑगस्ट २०२१ मध्ये पूर्ण झाला. खाली आपल्याकडे एकच रूळ आहे आणि त्याच एका रुळावर राजधानी, दोन बाजूंच्या वंदे भारत, जनशताब्दी, केरळच्या लांब पल्ल्याच्या गाड्या, मालगाड्या आणि ट्रक वाहून नेणाऱ्या रो-रो. मुंबई-मडगाव वंदे भारत जून २०२३ मध्ये आली, मडगाव-मंगळूर त्याच वर्षी डिसेंबरच्या शेवटी. नवी मोठी गाडी आली की आपण स्टेशनवर हार घेऊन जातो. पण तिच्यासाठी वाट मोकळी करायला कोण थांबतं? पॅसेंजर. कंट्रोलच्या बोर्डावर तिचा नंबर सगळ्यात शेवटी.

एकेरी मार्गावर किती गाड्या बसतात, हे काढायचं रेल्वेत एक जुनं सूत्र आहे, स्कॉटचं. दिवसाची १,४४० मिनिटं घ्यायची. सगळ्यात लांब ब्लॉक सेक्शन, म्हणजे दोन स्टेशनांमधला टप्पा, पार करायला लागणारा वेळ आणि लाइन क्लिअर, म्हणजे पुढची वाट मोकळी असल्याची परवानगी, देण्याघेण्याचा वेळ यांच्या बेरजेने भागायची. आलेल्या आकड्याचे ७० टक्के धरायचे, कारण देखभालीसाठी लाइन बंद ठेवायचे ब्लॉक, उशीर, बिघाड हे सगळं असतंच. समजा दोन स्टेशनांमध्ये १६ किमी अंतर आहे, पॅसेंजरला १६ मिनिटं लागतात आणि लाइन क्लिअरचे सोपस्कार ५ मिनिटं. १,४४० भागिले २१ म्हणजे ६८, त्याचे ७० टक्के म्हणजे ४८. दोन्ही दिशांच्या मिळून चोवीस तासांत ४८ गाड्या. आता मध्ये एक क्रॉसिंग स्टेशन टाका. अंतर ८-८ किमी, वेग कमी-जास्त धरून ९ मिनिटं, अधिक ५. आकडा ७२ वर जातो. तार नवी नाही, इंजिन नवं नाही, फक्त मध्ये एक लूप, दोन पॉइंट, सिग्नल आणि स्टेशन मास्तरची केबिन. २४ गाड्यांची जागा झाली. संपूर्ण दुहेरीकरणाला बोगदे, मांडवी आणि जुवारीवर नवे पूल, भूसंपादन हे सगळं आलं. ते होईल तेव्हा होवो. लूप त्यामानाने हाताशी आहेत.

पण लूप म्हणजे नुसता बाजूचा रूळ नव्हे. दोन बाबी अशा आहेत ज्यांवर निवेदनात कोणी बोट ठेवत नाही.

पहिली, सांधा, म्हणजे गाडी मुख्य रुळावरून लूपवर वळते तो पॉइंट. १ इन ८.५ चा जुना सांधा असेल तर लूपमध्ये ताशी १५ किमीनेच शिरता येतं. १ इन १२ चा वक्र जिभेचा सांधा असेल तर ३०. सांध्यापासून थांबेपर्यंत ६०० मीटर धरले तर १५ च्या वेगाने २ मिनिटं २४ सेकंद, ३० च्या वेगाने १ मिनिट १२ सेकंद. बाहेर पडतानाही तेच, कारण शेवटचा डबा सांधा ओलांडेपर्यंत वेग वाढवता येत नाही. म्हणजे लूपच्या दोन्ही टोकांचे सांधे बदलले तर एका क्रॉसिंगमागे दोन मिनिटांच्या वर वाचतात. विजेने सात थांब्यांत मिळून सव्वातीन वाचवली होती, हे ध्यानात ठेवा.

दुसरी, दोन्ही बाजूंच्या गाड्या एकाच वेळी आत घेता येतात का? स्टेशनातून बाहेर सोडणाऱ्या स्टार्टर सिग्नलच्या पुढे पुरेशी मोकळी लांबी किंवा सँड हंप (पुढे घसरलेली गाडी अडवणारा वाळूचा उंचवटा) असेल तर मास्तर दोन्ही गाड्या एकदम घेऊ शकतो. नसेल तर एक गाडी पूर्ण आत येऊन उभी राहीपर्यंत दुसरी स्टेशनात शिरण्याच्या होम सिग्नलबाहेर तिष्ठत राहते. खिडकीतून दिसतं ते एवढंच की स्टेशन समोर आहे आणि गाडी हलत नाही. लोक ड्रायव्हरला शिव्या घालतात. त्याचा काय दोष?

आता तारेकडे येतो, कारण ती आली म्हणजे काम संपलं असं नाही, आणि गोव्याच्या हवेत तर मुळीच नाही.

डोक्यावरून जाते ती १०७ चौरस मिमीची तांब्याची कॉन्टॅक्ट वायर, रुळापासून साडेपाच मीटरच्या आसपास, २५ हजार व्होल्टची. तिच्या वर तिला झेलणारी कॅटेनरी, मध्ये ड्रॉपर. दोन्ही तारांवर प्रत्येकी १,००० किलोचा ताण कायम लागतो. उन्हात तांबं लांबतं : मधल्या अँकरपासून टोकापर्यंत ७५० मीटर तार असेल तर २० अंशांच्या फरकाने सुमारे २५ सेंटिमीटर. ती ढिली पडू नये म्हणून टोकाच्या खांबावर कप्पी आणि वजनांची चळत असते. ३ ला १ ची कप्पी असेल तर २,००० किलोच्या ताणाला सुमारे ६६५ किलो वजनं, आणि तार २५ सेंटिमीटर लांबली की वजनं पाऊण मीटर खाली उतरतात. ओएचईचा, म्हणजे या तारांची देखभाल करणारा, माणूस तिथे टेप घेऊन दोन मापं घेतो, एक्स आणि वाय, आणि त्या दिवसाच्या तापमानाच्या तक्त्याशी ताडून बघतो. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात वायर रोप गंजली, कप्पीतलं ग्रीस सुकलं, किंवा वेल चढून वजनं अडकली, तर एप्रिलच्या दुपारी तार झोल खाते. मग पँटोग्राफ (तारेतून वीज घेणारा गाडीच्या छतावरचा सांगाडा) तारेखालून निसटून तीत अडकतो आणि अर्धा किलोमीटर तार खाली आणतो. एवढा मोठा घोटाळा, मूळ कारण कधीकधी सुकलेलं ग्रीस.

इन्सुलेटरचं दुखणं वेगळं. साध्या हवेत ८५० मिमीची क्रीपेज (इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरून मोजलेली लांबी) चालते, प्रदूषित भागात १,०५० मिमी लागते. किनाऱ्याजवळ मीठ बसतं, कोळशाच्या वाहतुकीच्या बाजूला भुकटी. मे महिनाभर हा थर जमतो आणि जोरदार पावसाने धुऊनही निघतो. धोका त्याच्या आधीचा आहे, मेअखेरच्या रिमझिमीचा : थर ओला होतो, धुतला जात नाही, आणि वीज पृष्ठभागावरून उडी घेते. म्हणून पुसायचं काम मे संपायच्या आत व्हायला हवं, पॉवर ब्लॉक घेऊन (ठरावीक वेळ तारेची वीज बंद करून), दोन्ही बाजूंना अर्थिंग रॉड लावून. त्याला लागणारा ब्लॉक त्याच एकेरी लाइनवर मागायचा असतो, जिथे आधीच गाड्यांना जागा नाही आणि उन्हाळी विशेष गाड्याही चालू असतात.

शिवाय माड. रुळाच्या कडेचं झाड छाटता येतं, पण कुणाच्या तरी भाटातला (माडांच्या बागेतला) पंधरा मीटर उंच माड वाऱ्याने वाकून झावळ तारेवर टाकतो तेव्हा सबस्टेशनचा ब्रेकर पडतो. झावळ जळून खाली पडली तर पुन्हा वीज घेतली की टिकते. अडकून राहिली तर पॉवर कंट्रोलरला तो तुकडा दुरून वेगळा काढावा लागतो आणि तारेची दुरुस्ती करणारी टॉवर वॅगन बोलवावी लागते. इथे एकेरी मार्गाचा खरा फास बसतो, कारण टॉवर वॅगनलाही त्याच रुळावरून, अडकलेल्या गाड्यांना वळसा घालून यायचं असतं. म्हणून माझं ठाम मत आहे की विद्युतीकरण झालं तरी मडगाव किंवा वेर्ण्याला एक डिझेल इंजिन चालकासह कायम तयार हवं. खर्च वाटेल. पण भर पावसात करमळीच्या अलीकडे तीन तास उभी राहिलेली मेमू मागे ओढायला दुसरं काही नाही.

रुळाजवळ भाट असलेल्यांना हात जोडून सांगणं : नारळ पाडायची लांब आकडी, ओला बांबू, लोखंडी शिडी तारेपासून दोन मीटरच्या आत नेऊ नका. तारेला हात लागायची गरज नसते, वीज हवेतून येते.

पावसाचं आणखी एक. मुसळधार पावसात पुढचं दिसेनासं झालं की गाडी ताशी ४० वर आणतात, आणि मांडवी-जुवारीच्या पुलांवर वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रं बसवलेली आहेत. हे सगळं योग्य आहे, यात घाई मागू नये. ऑगस्ट २०२० मध्ये पेडण्याच्या बोगद्यात भिंत कोसळली, जुलै २०२४ मध्ये त्याच बोगद्यात पाणी शिरलं आणि गाड्या वळवाव्या लागल्या. पावसाळी वेळापत्रक लोकललाही लागू राहणार. पण ते लोकलसाठी वेगळं आखा, लांबच्या गाड्यांच्या उरलेल्या फटीत कोंबू नका. चवथीच्या विशेष गाड्या लागतात तेव्हाही तेच.

नवे थांबे मागणाऱ्या पंचायतींना एक सूचना. आठ डब्यांच्या मेमूला १८० मीटरचा प्लॅटफॉर्म पुरतो. चोवीस डब्यांचा हट्ट धरलात तर काम वीस वर्षं रखडेल. उंची मात्र पूर्ण मागा, रुळापासून ७६० ते ८४० मिमी, नाहीतर म्हाताऱ्या माणसाला चढता येणार नाही आणि अर्ध्या मिनिटाचा थांबा दोन मिनिटांचा होईल. आणि जागा ठरवण्याआधी न्यूट्रल सेक्शन कुठे आहे ते विचारा. दोन सबस्टेशनांची वीज जिथे बदलते तिथे तारेचा एक तुकडा मेलेला असतो. ५०० आणि २५० मीटर आधी पाट्या असतात, चालक ब्रेकर उघडतो आणि गाडी आपल्या वेगावर पुढे घरंगळते. थांबा तिथे जवळ असेल तर नुकत्याच सुटलेल्या गाडीला तेवढा वेगच नसतो आणि ती नेमकी मेलेल्या तारेखाली अडकते.

गाड्या किती लागतील? उदाहरण म्हणून सावंतवाडी ते मडगाव घेऊ, सुमारे ७० किमी. थांबे, क्रॉसिंग धरून सरासरी ४५ चा वेग मिळाला तर दीड तासाच्या वर तीन मिनिटं. दोन्ही टोकांना वीस-वीस मिनिटं धरली तर एक फेरा पावणेचार तासांचा. दोन रेकवर (डब्यांच्या अख्ख्या संचांवर) दोन तासांच्या आत एक गाडी मिळते, आणि देखभालीला एक जादा रेक. म्हणजे तीन रेक आणि सकाळ-संध्याकाळ राखून ठेवलेली वाट. सिंधुदुर्गातून गोव्यात कामाला येणारी पोरं, गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) उपचाराला येणारे रुग्ण, वेर्ण्याच्या कारखान्यांतले कामगार यांना एवढ्याने मोठा आधार होईल. आज ही माणसं पहाटे दुचाकी काढतात आणि महामार्गावर जीव मुठीत धरून येतात. कोकण रेल्वेत गोव्याचाही वाटा आहे, छोटा का होईना. तो वाटा धरून हे मागता येतं.

राहिली पणजी. तिला स्टेशन नाही, करमळी दहा-बारा किमीवर. साडेनऊचं ऑफिस गाठायचं तर गाडी साडेआठच्या सुमारास करमळीला लागायला हवी आणि फाटकाशी कदंबची बस उभी हवी. गाडी उशिरा असेल तर बसने थांबायला हवं, आणि हे अवघड नाही : मागच्या स्टेशनवरून गाडी सुटली की मास्तरला तत्क्षणी कळतं. तोच निरोप कदंबच्या कंट्रोलरला गेला की झालं.