बंदर आलं की क्रूला सुट्टी? त्या मेसेजचं काय करायचं

पुतण्या हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि त्याच्याकडून तोच मेसेज पुन्हा आला, आता "फॉर्म भरू का?" या पुरवणीसह. मजकूर असा: क्रूझवरची नोकरी म्हणजे फुकटात जग. प्रत्येक बंदरात क्रूला दिवसभर सुट्टी. व्हिसा लागत नाही. शहरात फिरणं हा आंतरराष्ट्रीय कायद्याने दिलेला हक्क, कॅप्टनही अडवू शकत नाही. उशीर झाला तरी क्रूशिवाय जहाज निघत नाही, निघालंच तर कंपनी विमानाने पुढच्या बंदरात पोचवते. आणि तळाशी नोंदणी शुल्काची लिंक.

दिवसभर सुट्टी म्हणे! काँट्रॅक्ट चालू असेपर्यंत हॉटेल विभागात सहसा सातही दिवस ड्यूटी असते. जहाज सकाळी आठला धक्क्याला लागलं आणि संध्याकाळी पाचला सुटणार असं धरा. वेटरचा ब्रेकफास्ट आटोपून, टेबलं आवरून तो साडेदहाला मोकळा होतो. कपडे बदलून गँगवेवर, म्हणजे जहाजातून उतरायच्या जिन्यावर, यायला अकरा. मालवाहू बंदरात क्रेन आणि ट्रकांमधून पायी जायला सहसा मनाई, म्हणून शटलची वाट पाहायची; गेटबाहेर साडेअकरा. क्रूची परत चढण्याची वेळ प्रवाशांच्या आधीची, चारची धरली तर साडेतीनला परतीची शटल पकडावी लागते. हाती आले चार तास. त्यात घरी फोन, पैसे पाठवणं, साबण-शांपू, केस कापणं आणि जहाजाच्या मेसमध्ये मिळत नाही असं काहीतरी खाणं. किल्ले-म्युझियम वगैरे प्रवाशांसाठी.

शिवाय हे चार तास येतात कुठून, ते मेसेजवाल्याला ठाऊक नाही. २००६ च्या सागरी कामगार करारानुसार २४ तासांत किमान १० तास विश्रांती द्यावी लागते. तिचे जास्तीत जास्त दोन तुकडे करता येतात आणि त्यातला एक किमान सहा तासांचा हवा. रात्री सहा तास झोप मिळाली की उरलेले चार तास दुपारी. म्हणजे वेटर शहरात फिरतो तो आपल्या विश्रांतीच्या वाट्यातून. म्हणूनच बंदर लागल्यावर कितीतरी जण उतरतच नाहीत, केबिनमध्ये पडदा ओढून झोपतात.

तेही त्या दिवशी आयपीएम नसेल तर. इन-पोर्ट मॅनिंग म्हणजे जहाज बंदरात असताना आग किंवा आणीबाणीसाठी ठरावीक क्रू जहाजावर थांबलाच पाहिजे. ही पाळी फिरती असते. प्रवासी जहाजांवर आगीचा आणि जहाज सोडण्याचा सराव दर आठवड्याला होतो, आणि तो प्रवासी उतरलेले असताना घेणं सोयीचं पडतं. पाळी बदलून घेता येते, पण सुपरवायझरच्या सहीने.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य. बंदरात कॅसिनो आणि जहाजावरची दुकानं सहसा बंद ठेवावी लागतात, त्यामुळे तिथल्या लोकांना खरोखरच बराच वेळ मिळतो. फिरण्याचे फोटो टाकणारे बहुधा हेच. केबिन साफ करणाऱ्याला प्रवासी बदलण्याच्या दिवशी गँगवेही दिसत नाही.

हक्काचंही असंच अर्धवट. त्याच करारात किनाऱ्यावर जाऊ देण्याची तरतूद आहे, आणि ती वेटर-स्वयंपाक्यांनाही लागू आहे. पण त्याच वाक्यात "कामाच्या गरजेशी सुसंगत" अशी अट आहे. मेसेजने ती गिळली.

आता सगळ्यात घातक थाप: जहाज थांबतं. बर्थची म्हणजे धक्क्यावरच्या जागेची वेळ ठरलेली, जहाज बंदराबाहेर काढणारा पायलट बोलावलेला, ओढणारी बोट म्हणजे टग लागणार असेल तर तीही. एका वेटरसाठी हे कुणी पुढे ढकलत नाही. निघायला किमान किती क्रू हवा हे सांगणारा मनुष्यबळाचा दाखला असतो हे खरं, पण हजारभर क्रूच्या जहाजावर मस्टर लिस्टमधलं, म्हणजे आणीबाणीत कुणी काय करायचं त्या यादीतलं, तुमचं काम दुसऱ्याच्या नावावर चढतं आणि दोर सुटतात. तुमचा पासपोर्ट बहुधा क्रू ऑफिसात असतो. तुम्ही परतला नाहीत तर तो बंदरातल्या कंपनीच्या एजंटकडे सोपवला जातो. खिशात फक्त जहाजाचं कार्ड. किनाऱ्यावर राहण्याची परवानगी जहाज बंदरात असेपर्यंतचीच असते. ते गेलं की तुमचं नाव इमिग्रेशनकडे जातं. विमानाने पुढचं बंदर गाठायचं म्हटलं, तर जहाजाने येणाऱ्या क्रूला मिळणारी सवलत विमानाने येणाऱ्याला नाही. तिथला व्हिसा नसेल तर थेट घरचं तिकीट, आणि त्याचा खर्च सहसा तुमच्याच पगारातून.

उशीर होतो तो बहुतेकदा घड्याळामुळे. जहाजाची वेळ आणि शहराची वेळ वेगळी असू शकते, आणि फोन किनाऱ्यावरचं नेटवर्क पकडून मुकाट्याने तास बदलतो. फोनमधली आपोआप बदलणारी वेळ बंद करा, साधं घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा, गँगवेजवळच्या फलकावरची क्रूची वेळ वाचा, प्रवाशांची नव्हे. जहाज नांगरावर असेल तर आणखी अर्धा-पाऊण तास हातचा ठेवा: जहाज ते किनारा ने-आण करणाऱ्या टेंडर बोटींत प्रवासी आधी, आणि लाटा वाढल्या की फेऱ्या थांबतात.

व्हिसाबद्दल थोडक्यात. युरोपातल्या शेंगेन देशांत क्रू लिस्टमध्ये नाव आणि नाविकाचं ओळखपत्र असेल तर बंदराच्या आणि लगतच्या गावांत व्हिसाशिवाय फिरता येतं. अमेरिकेत नाही, तिथे सी-१/डी हा क्रूसाठीचा व्हिसा आणि वर उतरण्याचा परवाना.

परतताना बॅग एक्स-रेमधून जाते. इस्त्री, किटली, एक्स्टेंशन बोर्ड आगीच्या धोक्यामुळे जप्त होतात. दारूची बाटलीही. दारू पिऊन चढलात आणि चाचणीत सापडलात तर नोकरीच जाते.

आणि ती लिंक. भरतीसाठी उमेदवाराकडून पैसे घ्यायला तोच करार मनाई करतो; वैद्यकीय दाखला, नाविक पुस्तिका आणि पासपोर्ट एवढाच खर्च उमेदवाराचा. व्हिसाचा खर्चसुद्धा जहाजमालकाने करायचा असतो. पुतण्याला कळवलंय: फॉर्म भरू नकोस, आणि खरी मुलाखत मिळाली तर विभाग कोणता, आयपीएमची पाळी कितीदा येते, शिफ्ट तुटक आहे की सलग, एवढं आधी विचार.